जुन्या गोव्याचें दर्शन

नागपूरच्या रस्त्यानें वर्ध्याहून दोन-तीन कोस गेलें म्हणजे धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव लागतें. आपणांपैकीं बहुतेकांनीं तें अनेक वेळां पाहिलें असेल. नदीच्या पात्रांतील खडक, टेकाडावरचा विनोबाजींचा आश्रम, आसपास शेतें आणि साधींसुधीं घरें, एवढेंच तेथें नजरेस पडतें. तथापि महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या मतें वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच. विनोबाजी १९३८ सालीं येथें राहावयास आल्यावर जमीन खणतांना ज्या पाषाणमूर्ति निघाल्या, त्या गतवैभवाची साक्ष देतात. इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील ती राजधानी गेली; मात्र त्याच प्रवरसेन राजाचें ‘सेतुबंध’ हें महाराष्ट्री प्राकृतांतील काव्य आजहि वाचावयास मिळतें. वाडा पडला आणि वाणी उरली.

हें आरंभींच सांगण्याचें कारण असें. आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या वर्षीं आम्ही कांहीं मंडळी, म्हातारीं, तरुण व मुलें मिळून, जुन्या गोव्याच्या यात्रेस गेलों. संत फ्रान्सिस झेविअर यांच्या समाधीचें दर्शन घ्यावें व इतक्या वर्षांच्या कृपेबद्दल देवाचे आभार मानावे, एवढाच आमचा संकल्प होता. परंतु तेथील पडक्या भिंती पाहतांना पवनारची आठवण आम्हांस वारंवार होऊं लागली, आणि परत येतांना आम्ही एक विचार बरोबर घेऊन आलों. तो महोत्सवाच्या प्रसंगीं आपल्या धर्मबंधुभगिनींपुढें मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आगगाडीनें मुंबई, व तेथून कोकण रेल्वेनें करमळी, असा आमचा मार्ग होता. करमळीच्या स्थानकापासून जुनें गोवें अगदीं जवळ आहे. आम्ही सर्वांच्या आधीं मांडवीच्या कांठीं गेलों. कारण पूर्वीं शहरांत येण्याचा राजमार्ग तोच होता. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय येथें तारवांतून उतरे व धक्क्याजवळच्या कमानींतून नगरांत प्रवेश करी. ही कमान व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा यानें आपला पणजा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. आज दिसते ती १९५४ सालीं पुन्हां बांधलेली आहे. जिच्याखालून पूर्वीं व्हाइसरॉयांच्या मिरवणुकी गेल्या, तिच्याखालून आतां दिवाड बेटाच्या फेरीबोटीचे उतारू पिशव्या घेऊन ये-जा करतात.

हें शहर पोर्तुगीजांनींच प्रथम वसविलें, असें कोणी समजूं नये. त्यांच्या आधीं तें विजापूरच्या आदिलशाहीचें भरभराटीचें बंदर होतें. अरबस्तान व इराणकडून येणाऱ्या घोड्यांचा मोठा व्यापार गोव्यांत चाले. आफोंसो द आल्बुकेर्क यानें १५१० सालीं तें एकदां घेतलें, गमावलें, आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबर रोजीं, संत कॅथरीनच्या सणादिवशीं, पुन्हां जिंकलें. पुढें पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज मुलुखाचा कारभार येथून चालूं लागला. १५३४ सालीं गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत होती. म्हणजे कागदोपत्रीं तरी आपला वर्धेचा कांठहि त्याच छत्राखालीं होता! नागपूरचा धर्मप्रांत व्हावयास मात्र १८८७ साल उजाडावें लागलें. गोव्याच्या मानानें विदर्भांतील आपण ख्रिस्तीजन अगदीं धाकटीं भावंडें आहों.

आल्बुकेर्कचें सैन्य जेथून शहरांत शिरलें त्या जागीं संत कॅथरीनचें लहानसें प्रार्थनामंदिर आहे. १५१० सालीं तें उभारलें गेलें व त्याच शतकाच्या मध्यास पुन्हां बांधलें गेलें. तांबड्या जांभ्या दगडाचें तें साधें मंदिर पाहून आमच्यांतील एक आजीबाई म्हणाल्या, “हें तर आपल्या चर्चएवढंच आहे हो!” त्यांचें म्हणणें खरें होतें. एवढ्या मोठ्या धर्मप्रांताचा आरंभ एवढ्याशा मंदिरापासून झाला, हें पाहून आम्हांस मोठा धीर आला.

तेथून कांहीं पावलांवर ‘से’ नांवाचें कॅथीड्रल आहे, व तेंहि संत कॅथरीनलाच वाहिलेलें आहे. त्याचें बांधकाम १५६२ सालीं सुरू झालें, मुख्य इमारत १६१९ सालीं पुरी झाली आणि वेद्यांचें काम १६५२ पर्यंत चालूं राहिलें. नव्वद वर्षें! ज्यांनीं पाया घातला त्यांच्या नातवंडांनीं अखेरची वेदी पाहिली असेल. सुमारें २५० फूट लांबीच्या त्या मंदिरांत उभें राहिलें म्हणजे माणसाचा आवाज आपोआप खालीं येतो. मुख्य वेदीमागें संत कॅथरीनच्या जीवनांतील व हौतात्म्यांतील प्रसंग कोरून सोन्याच्या मुलाम्यानें मढविले आहेत. दर्शनी बाजूस पूर्वीं दोन मनोरे होते. त्यांतील एक १७७६ सालीं कोसळला, तो पुन्हां उभारला गेला नाहीं. उरलेल्या मनोऱ्यांत जी प्रचंड घंटा आहे तिला तिच्या मधुर नादामुळें ‘सोन्याची घंटा’ म्हणतात. एका मनोऱ्याचें तें कॅथीड्रल, एक हात गमावूनहि नित्याची सेवा करीत असलेल्या वृद्ध माणसासारखें, आम्हांस फार आपलें वाटलें.

शेजारींच असीसीकर संत फ्रान्सिस यांचें मंदिर आहे. तें १६६१ सालीं नव्यानें बांधतांना १५२१ च्या मूळ मंदिराचा नक्षीदार दरवाजा मात्र तसाच राखला. बांधणारांनीं वाडवडिलांच्या हातचें कांहीं तरी ठेवावें, ही बुद्धि आम्हांस आवडली. त्याला लागून असलेल्या मठांत आतां पुराणवस्तुसंग्रहालय आहे. एका बाजूस व्हाइसरॉयांच्या तसबिरी, तर दुसऱ्या बाजूस वीरगळ व सतीशिळा, असे दोन्ही काळ तेथें एका छपराखालीं नांदतात.

रस्ता ओलांडला कीं बॉम जेझुस, म्हणजे ‘चांगल्या येशूचें’ मंदिर. १५९४ सालीं त्याचा पाया घातला गेला आणि १६०५ सालीं आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनीं त्याचा अभिषेक केला. १९४६ सालीं त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. बाहेरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेल्यामुळें तांबडा दगड उघडा दिसतो. तो डोळ्यांस सुंदर दिसला तरी कोकणच्या पावसाचा मारा त्यास सोसावा लागतो. आंत उजव्या हातास संत फ्रान्सिस झेविअर यांची समाधि आहे. ६ मे १५४२ रोजीं ते या शहरांत उतरले. इस्पितळांतील रोग्यांची व तुरुंगांतील बंदिवानांची सेवा करावी, हातांत घंटी घेऊन रस्त्यांतून फिरावें, मुलें जमवावीं आणि त्यांना प्रार्थना शिकवाव्या, असा त्यांचा क्रम होता. दहा वर्षांनीं, ३ डिसेंबर १५५२ रोजीं, चीनच्या किनाऱ्यावरील शांगच्वान बेटावर त्यांनीं देह ठेवला. तेथून मलाक्कामार्गें त्यांचें शरीर १५५४ सालीं गोव्यास आणण्यांत आलें. १६२२ सालीं त्यांस संतपद प्राप्त झालें. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनीं १६३७ च्या सुमारास घडविली, तर खालची संगमरवरी समाधि टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें पाठविली. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोजिनी याची ती कृति १६९८ सालीं येथें बसविली गेली. वर इकडच्या सोनारांची कारागिरी, खालीं इटलीचा संगमरवर, आणि मध्यें देवाचा एक गरीब सेवक!

दर दहा वर्षांनीं हें पवित्र शरीर दर्शनासाठीं कॅथीड्रलमध्यें आणतात. अलीकडचें दर्शन नोव्हेंबर २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत झालें. आम्ही गेलों तेव्हां तो समारंभ नव्हता. पेटी उंचावर आपल्या जागीं होती. तरी माणसांची रीघ थांबत नव्हती, आणि त्यांत हिंदु बांधवहि पुष्कळ होते. गोंयकार त्यांस ‘गोंयचो सायब’ म्हणतात, तें कोणा एका जातीचा साहेब म्हणून नव्हे. समाधीसमोर गुडघे टेकून आम्हीं वर्ध्याच्या बोलींत रोजरीचे पांच गूढ म्हटले व आमच्या धर्मग्रामांतील आजाऱ्यांचीं नांवें एकेक करून उच्चारलीं.

येथपर्यंत मन प्रसन्न होतें. दुपारीं आम्ही संत कायेतान यांच्या मंदिराकडे गेलों. रोमच्या संत पेत्राच्या महामंदिराच्या धर्तीवर सतराव्या शतकांत थिएटाइन संघाच्या धर्मगुरूंनीं तें बांधलें. त्याच्या आवारापुढें आदिलशहाच्या वाड्याचा एक दरवाजा तेवढा उभा आहे. काळ्या दगडाची चौकट आणि तिच्यावर हिंदु कारागिरीची नक्षी! बाकी वाडा नाहीं. त्या दरवाजाशीं उभें राहिलें म्हणजे या नगरींत एकावर एक किती राज्यें रचलीं गेलीं, हें ध्यानीं येतें. आणि प्रत्येक नव्या राज्यानें जुन्याचें किती पुसून टाकलें, हेंहि.

येथें एक गोष्ट लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. याच शहरांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, बसत असे. नवख्रिस्ती, ज्यू वंशाचे लोक व इतर अनेक जण तिच्या कचाट्यांत सांपडले. त्या काळांत गोव्यांतील देवळेंहि पाडलीं गेलीं. गार्सिया द ओर्ता नांवाच्या ज्यू वंशाच्या वैद्यानें भारतांतील औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहून तो १५६३ सालीं गोव्यांतच छापविला. तो १५६८ सालीं वारला. पुढें १५८० सालीं या न्यायसभेनें त्याच्या अस्थि उकरून जाळल्या. आज त्या न्यायसभेच्या वाड्याचा मागमूस नाहीं, आणि ओर्ताचा ग्रंथ मात्र जगभर वाचला जातो. २००० सालच्या पवित्र वर्षांत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं सत्याच्या नांवाखालीं झालेल्या अशा जुलमांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. आईच्या चुका लेंकरांनीं लपवूं नयेत. तिच्याबरोबर गुडघे टेकावे, हेंच बरें.

एवढें मोठें शहर ओस कां पडलें, असें आमच्यांतील मुलांनीं विचारलें. साथी हें त्याचें मोठें कारण. हिंवताप व पटकी यांनीं सतराव्या शतकापासून येथें ठाणें दिलें. व्यापारहि डचांच्या व इंग्रजांच्या हातीं जाऊं लागला. १६९५ सालीं व्हाइसरॉय शहराबाहेर पणेलीस राहावयास गेला, १७५९ सालीं पणजीस. आणि १८४३ सालीं पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या घरांचे दगड नव्या शहराच्या बांधकामास गेले. त्यापूर्वींच, १८३५ सालीं, सरकारच्या हुकुमानें धर्मसंघांचे मठ बंद झाले होते. ज्या मंदिरांत मिस्सा व राबता चालू राहिला तीं बहुतेक टिकलीं. जीं रिकामीं झालीं तीं ढासळलीं.

याचा दाखला ‘पवित्र टेकडी’वर पाहावा. तेथें संत ऑगस्टीन यांच्या मंदिराचा मनोरा उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आरंभिलेलें हें मंदिर गोव्यांतील अत्यंत भव्य मंदिरांपैकीं एक होतें. मठ रिकामा झाल्यावर १८४२ सालीं त्याचें छत कोसळलें, १९३१ सालीं दर्शनी भिंतीचा व मनोऱ्याचा बराच भाग पडला. आतां दीडशें फुटांच्या सुमारास उंच असा अर्धाच मनोरा आकाशांत शिल्लक आहे, आणि त्याची घंटा पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिरांत वाजते. खालीं गवतांत कबरींच्या शिळा पसरल्या आहेत. याच अवशेषांत जॉर्जिया देशाच्या राणी केतेवान यांची अस्थि सांपडली. १६२४ सालीं इराणांत शिराझ येथें धर्मत्याग नाकारल्यामुळें त्यांस छळ करून मारण्यांत आलें. त्यांच्या पवित्र अवशेषांचा कांहीं भाग ऑगस्टीन संघाच्या धर्मगुरूंनीं गोव्यास आणला होता. तो कोणत्या दालनांत, कोणत्या खिडकीजवळ ठेवला, हें एका जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलें होतें. त्या आधारें पुरातत्त्व खात्यानें शोध घेतला, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं परीक्षा केली, आणि २०२१ सालीं भारत सरकारनें ते अवशेष जॉर्जियास दिले. छत पडलें, भिंती पडल्या. परंतु कोणीतरी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, म्हणून एका राष्ट्राला आपली संत राणी परत मिळाली!

उतरत्या उन्हांत आम्ही संत पावलाच्या विद्यालयाची उरलेली कमान पाहावयास गेलों. आसपास झाडी आहे. बहुतेक प्रवासी येथवर येत नाहींत. परंतु भारतांतील पहिला छापखाना १५५६ सालीं याच विद्यालयांत सुरू झाला. आपण हातीं घेतलेली ही स्मरणिकाहि एका अर्थानें त्याच यंत्राची दूरची नात होय. या छापखान्यामागोमाग आम्हांस ज्यांची आठवण झाली ते फादर थॉमस स्टीफन्स. ते जन्मानें इंग्रज, येशूसंघाचे धर्मगुरू. १५७९ सालीं ते गोव्यास आले व सुमारें चाळीस वर्षें साष्टी प्रांतांत राहून १६१९ सालीं वारले. त्यांनीं लोकांची भाषा आत्मसात केली. कोंकणींत धर्मशिक्षणाचें पुस्तक व तिचें व्याकरण लिहिलें, आणि मराठींत दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. पुराणें ऐकण्याची गोडी असलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या तारणाऱ्याची कथाहि त्याच ओवींत ऐकावयास मिळावी, हा त्यांचा हेतु. त्यांनीं गाइलेली मराठीची थोरवी आपल्या शाळांतील मुलांनाहि ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम साष्टींतील राशोल येथें गेलों. कारण १६१६ सालीं ख्रिस्तपुराण तेथें छापलें गेलें. देवनागरीचे खिळे नसल्यामुळें तें रोमन लिपींत छापावें लागलें. टेकडीवरच्या त्या जुन्या वास्तूंत आजहि धर्मगुरूंचें शिक्षण चालतें. ‘ती पहिली छापील प्रत कोठें आहे?’ असें आमच्या एका मुलानें विचारलें. तशी प्रत कोठेंहि उपलब्ध नाहीं, हें ऐकून तो हिरमुसला. मग हा ग्रंथ आपल्या हातीं आला कसा?

त्याचें उत्तर हाच आमच्या यात्रेचा प्रसाद. १६८४ सालीं व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकूम काढणारे गेले. गोव्यांतून मंगळूरकडे जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं मात्र हें पुराण हातानें उतरून घेतलें, घरोघरीं वाचलें आणि मुलांना ऐकविलें. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्डाना यांनीं त्याची नवी आवृत्ति छापून प्रसिद्ध केली. ज्या सत्तेपाशीं तोफा, छापखाना व कॅथीड्रल होतें तिनें तो ग्रंथ राखला नाहीं. तो राखला समईच्या उजेडांत ओव्या उतरून घेणाऱ्या साध्या घरांनीं. त्यांचीं नांवेंहि आज कोणास ठाऊक नाहींत.

परतीच्या प्रवासांत डब्यांत याच गोष्टीची चर्चा चालली होती. वर उल्लेखिलेल्या आजीबाई पुष्कळ वेळ गप्प बसून होत्या. शेवटीं त्या म्हणाल्या, “आमच्या वेळीं चर्चचा पाया खणतांना बायकांनीं डोक्यावरून पाणी आणलं. कोणी लिहिलं का तें?” कोणीं लिहिलें नव्हतें. आम्ही सर्व निरुत्तर झालों. आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत नांवें आहेत, तारखा आहेत. परंतु तीं माणसें कोठून आलीं, कोणत्या दुष्काळांत, कोणाच्या हाताला धरून वेदीपर्यंत पोहोंचलीं, गांवानें त्यांस कसें वागविलें, उन्हातान्हांत खेडोपाडीं पायीं फिरलेल्या प्रश्नोत्तर-शिक्षकांनीं काय सोसलें, यांतील कांहींच तेथें नाहीं. तें सगळें आठ-दहा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहे. आमची इमारत सुदैवानें धड आहे. परंतु त्या आठवणींचा मनोरा दर वर्षीं थोडा थोडा ढासळत आहे, आणि त्याचा आवाज कोणाच्या कानीं पडत नाहीं.

म्हणून या महोत्सवीं आमची आपणांस एक नम्र विनंति आहे. मंदिराला रंग द्यावा, नवी घंटा आणावी, हें सर्व अवश्य करावें. परंतु प्रत्येक कुटुंबानें एक वही घालावी. आजा-आजीजवळ बसून त्यांची हकीकत, त्यांच्याच शब्दांत, आपल्या मराठींत लिहून घ्यावी. त्यांनीं म्हटलेल्या प्रार्थना, लग्नांतील गाणीं, मिस्सेला येतांना नदीला पूर आला तर कोणती वाट धरीत, हेंहि टिपावें. भांडणें झालीं असतील तर तींहि लिहावीं. आपल्या चुका झांकून लिहिलेला इतिहास देवाला काय उपयोगाचा? प्रत्येक वहीची एक प्रत चर्चच्या कपाटांत, वाळवी व कसर लागणार नाहीं अशी ठेवावी. लिहितां येत नसेल त्यांनीं सांगावें. शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं लिहावें.

गोव्याहून परतल्यावर एका सायंकाळीं आम्ही पवनारास गेलों. धाम नदी नेहमींप्रमाणें खडकांमधून वाहत होती. प्रवरसेनाचा वाडा कोठें होता हें त्या पाण्याला ठाऊक असेल. आम्हांस दिसला नाहीं. आमच्या धर्मग्रामाचेंहि पुढें काय व्हावयाचें, तें परमेश्वराच्या हातीं आहे. मात्र शंभर वर्षांनीं कोणी मूल ‘आपण कोण?’ असें विचारील, तेव्हां त्याच्या हातीं देण्यास एक वही असावी, एवढें आपल्या हातीं आहे. देवमातेच्या मध्यस्थीनें व संत फ्रान्सिस झेविअर यांच्या आशीर्वादानें हें काम आपणां सर्वांच्या हातून घडो.